आर-वर्ग आला, पण आकडा कुठे गेला?

प्रश्न : मी बारामतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकते, घर सुप्याला. प्रकल्पासाठी सुपे मंडळाच्या पावसाच्या जुन्या नोंदी घेऊन ‘आर’ या भाषेत आलेख काढला आहे. आलेखाच्या डोक्यावर ‘आर-वर्ग बरोबर अमुक’ असं यायला हवं. एका पद्धतीनं लिहिलं की दोनचा आकडा छान वर चढतो, पण किमतीच्या जागी माझ्या चलाचं नावच छापून येतं. दुसऱ्या पद्धतीनं किंमत येते, पण वर्गाच्या जागी टोपीची खूण आणि तिच्या शेजारी दोन, असं ओबडधोबड दिसतं. सर म्हणाले, किंमत बघ आणि हातानं टाइप कर. तसं केलं तर काय बिघडतं? आणि नीट करायचं तर कसं?
— एक विद्यार्थिनी, सुपे (ता. बारामती)

उत्तर : हातानं टाइप केलं तर आज काहीच बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या वर्षी. तुम्ही त्याच फाइलमध्ये आणखी एका पावसाळ्याची नोंद भरता, प्रोग्रॅम पुन्हा चालवता, ठिपके नवे येतात, रेघ नवी येते, आणि शीर्षकात गेल्या वर्षीची किंमत तशीच ठाण मांडून बसते. संगणक तक्रार करत नाही. त्याच्या लेखी तो आकडा नाहीच, ती नुसती अक्षरं आहेत. परीक्षकानं विचारलं तर तुमच्याच आलेखाची रेघ तुमच्याच शीर्षकाविरुद्ध साक्ष देते.

याचं मोठं उदाहरण पुण्यातच आहे. शिवाजीनगरच्या हवामान खात्याकडून दर वर्षी मोसमी पावसाचा अंदाज येतो तो ‘दीर्घकालीन सरासरीच्या इतके टक्के’ या भाषेत. ही देशाची सरासरी कायमची ठरलेली नसते. १९५१ ते २००० या काळावरून ती ८९ सेंटिमीटर धरली जायची. पुढे १९६१ ते २०१० हा काळ धरला तेव्हा ती ८८ झाली, आणि २०२२पासून १९७१ ते २०२० हा काळ धरून ८७. यात चूक कुणाचीच नाही, मोजायची खिडकी तेवढी पुढे सरकली. पण ज्यानं आपल्या आलेखात ‘सरासरी ८८ सेंमी’ हे हातानं लिहून ठेवलं, त्याचे टक्के त्या वर्षापासून निराळ्या पायावर उभे राहिले. ८८ सेंटिमीटर पाऊस जुन्या हिशेबानं बरोबर १०० टक्के होतो, नव्या हिशेबानं १०१च्या वर जातो. फरक लहान आहे खरा, पण ९६ ते १०४ टक्के म्हणजे ‘सर्वसामान्य’ अशा चौकटीत बसवताना टक्का-दीड टक्क्यानंही वर्षाचं लेबल बदलू शकतं. म्हणून नुसती सरासरीच नाही, तर ‘अमुक ते अमुक या काळाची’ ही वर्षंसुद्धा माहितीतूनच उचलावीत. रकान्यातलं सर्वांत लहान वर्ष आणि सर्वांत मोठं वर्ष घ्यायचं, संपलं.

आता तुमच्या दोन पद्धतींचं कोडं. (या पानावर सगळं देवनागरीत छापायचं असतं, म्हणून आज्ञा बोलताना उच्चारतो तशा लिहितो आहे. कीबोर्डवर त्या मूळ इंग्रजी स्पेलिंगनंच टाइप करा.) तुमची पहिली पद्धत ‘एक्स्प्रेशन’ची आणि दुसरी ‘पेस्ट’ची असणार. दोन्ही बरोबर आहेत. दोन्ही अर्धवटही आहेत, आणि नेमक्या उलट्या अंगानं.

‘आर’ला एखादं नाव दिलं की ती लगेच त्याची किंमत शोधायला धावते, हा तिचा स्वभाव. ‘एक्स्प्रेशन’ तिला थांबवतं. आत जे लिहिलंय ते सोडवू नकोस, जसंच्या तसं धरून ठेव, असं सांगतं. धरून ठेवलेली ही मांडणी आलेखावर जाते तेव्हा ‘प्लॉटमॅथ’ नावाची यंत्रणा ती वाचते आणि गणिताच्या पुस्तकासारखी जुळवते. टोपीची खूण दिसली की पुढचं वर चढवते, चौकोनी कंस दिसला की खाली उतरवते, दोन बरोबरच्या खुणांचा एक बरोबर करते, ‘म्यू’ किंवा ‘सिग्मा’ ही स्पेलिंगं दिसली की ग्रीक अक्षर काढते. पण सोडवणं थांबवलेलं असल्यामुळे तुमचं चलही सोडवलं जात नाही, त्याचं नावच छापलं जातं. ‘पेस्ट’ याच्या उलट वागते. ती आधी सगळं सोडवते, किमती काढते आणि अक्षरांच्या एका सलग माळेत ओवते. या माळेला रचना नसते. तिच्यातली टोपी ही फक्त टोपी.

ग्रामपंचायतीतल्या दाखल्याचा छापील नमुना आठवा. मजकूर छापलेला असतो, मधे नावासाठी रेघ मोकळी सोडलेली असते. ‘एक्स्प्रेशन’ म्हणजे रेघच न सोडलेला नमुना, ‘पेस्ट’ म्हणजे कोऱ्या कागदावर सगळं हातानं लिहिणं. तुम्हाला हवाय तो रेघ सोडलेला नमुना, आणि त्यासाठी ‘आर’मध्ये ‘बीकोट’ आहे. त्यात सगळं तसंच धरून ठेवलं जातं, फक्त टिंब आणि त्याला चिकटून गोल कंस, एवढ्या जागेतलं सोडवलं जातं :

बीकोट( आर^२ == .(किंमत) )

टिंब-कंसाच्या आत तुमच्या चलाचं नाव. बस, एवढंच.

ही कल्पना ‘आर’नं लिस्प या जुन्या भाषेकडून घेतली. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ उभी केली, तेव्हा त्यांच्यासमोर लिस्पच्याच घराण्यातली स्कीम ही भाषा होती. आलेखावर गणिती मजकूर मांडण्याच्या या पद्धतीबद्दल पॉल मरेल आणि इहाका यांनी २००० साली शोधनिबंध लिहिला. घराणं सांगितलं ते यासाठी की ‘न सोडवता धरून ठेवणं’ हे लिस्पवाल्यांना रोजचं असतं, आणि आपल्याकडे थेट एक्सेलवरून ‘आर’कडे आलेल्या विद्यार्थ्याला ते कुणी सांगतच नाही. मग तो जाळ्यावरून ओळी उचलत बसतो.

‘प्लॉटमॅथ’चे दोन-तीन हट्ट सांभाळावे लागतात. शेजारी शेजारी दोन गोष्टी नुसत्या ठेवलेल्या त्याला चालत नाहीत, मधे काहीतरी जोड लागतोच. जागा सोडून जोडायचं असेल तर नागमोडी खूण, जागा न सोडता जोडायचं असेल तर गुणाकाराची चांदणी. मराठी शब्द अवतरणचिन्हांतच ठेवा. म्हणजे ओळ अशी होते : "सरासरी" == .(सरा) ~ "मि.मी." आणि एका ओळीच्या दोन ओळी करण्यासाठी उलटी तिरपी रेघ व ‘एन’ लिहिण्याची जी नेहमीची सवय असते, ती इथे लागू पडत नाही. ओळी भलत्याच जागी जातात. दुसरी ओळ ‘एमटेक्स्ट’नं वेगळी घाला. ‘एटॉप’नंही होतं, पण त्यात अक्षरांचं अंतर मला कधी आवडलेलं नाही.

‘बीकोट’ला कच्ची किंमत दिली की ती सात-सात अंक ओतते. ०.०३४७१८२ असा आर-वर्ग शीर्षकात बघितला की मला लिहिणाऱ्याविषयी शंका येते. तीस-चाळीस वर्षांच्या पावसावर चौथ्या दशांशस्थळाला अर्थ नसतो. दोन पुरेत. त्यासाठी ‘राउंड’ वापराल तर ती शेवटचं शून्य खाते, ०.५० द्यायचं तर ०.५ देते. म्हणून ‘एसप्रिंटएफ’नं दोन दशांशस्थळांचा मजकूर आधी तयार करा आणि तो टिंब-कंसात द्या. अवतरणातला मजकूर असल्यामुळे शून्य जागेवर राहतं.

इथे एक न विचारलेलं सांगतो. सुपे परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. कऱ्हा नदीच्या बाजूचा हा जिराईत पट्टा, जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्याची वाट बघणारा. इथल्या पावसाचा वर्षावर्षाचा चढउतारच इतका मोठा असतो की काळानुसार रेघ काढली तर आर-वर्ग लहान येणं अगदी स्वाभाविक आहे. तो लहान आला म्हणून प्रकल्प फसला असं नाही. पण मग आलेखाच्या डोक्यावर त्यालाच मानाचं स्थान कशाला? त्यापेक्षा किती वर्षांच्या नोंदी, कोणता काळ, सरासरी किती आणि प्रमाण विचलन किती, हे लिहा. सुप्याच्या शेतकऱ्याला आणि तुमच्या परीक्षकाला, दोघांनाही सरासरी आणि तिच्या पुढचं ‘±’ जास्त सांगून जातं. रेघ दाखवायचीच असेल तर तिचा उतार ‘दर दशकाला इतके मि.मी.’ असा लिहा.

शेवटी, अंशाची खूण, अधिक-उणे आणि वर्गाचा दोन यांसाठी दर वेळी एवढा खटाटोप करायचा का? नाही. °, ±, ² ही साधी युनिकोड अक्षरं आहेत. विंडोजवर ऑल्ट दाबून अंकपाटीवर ०१७६, ०१७७, ०१७८ दाबलं की अनुक्रमे हीच येतात. पूर्वी विंडोजवरच्या ‘आर’मध्ये त्यांचा विचका व्हायचा. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या ४.२ आवृत्तीपासून तिथेही युटीएफ-८ आलं आणि ही कटकट बरीचशी संपली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलून घ्या. एक अडचण मात्र उरते. साध्या ‘पीडीएफ’ आज्ञेनं फाइल काढलीत तर मराठी अक्षरांच्या जागी टिंबं येतात, कारण ती जुन्या पद्धतीचे फाँट वापरते. ‘कैरो पीडीएफ’ ही आज्ञा वापरा, टिंबांऐवजी अक्षरं येतात.

प्रश्न : पायथनमध्ये आलेखावर मराठी मजकूर टाकला तर आधी नुसते चौकोन आले. देवनागरी फाँट जोडल्यावर अक्षरं आली, पण ‘मिलिमीटर’ वाचवत नाही. ‘वर्ष’मधला रफार खाली पडला. फाँट खराब आहे का?
— एक अभियांत्रिकी विद्यार्थी, बारामती

उत्तर : फाँट चांगला आहे. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबला देवनागरी वाचता येत नाही, एवढीच गोष्ट.

हे अन्यायानं म्हणत नाही. मॅटप्लॉटलिब लिहायला घेतलं ते जॉन हंटर यांनी, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत पाहण्यासाठी, आणि २००३मध्ये ते बाहेर आलं. त्यात देवनागरी कुणाच्या डोक्यात असणार? सोबत येणाऱ्या डेजावू सान्स या फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, म्हणून चौकोन. ३.६ आवृत्तीपासून फाँटांची यादी देता येते. आधी डेजावू, त्यात अक्षर सापडलं नाही तर नोटो सान्स देवनागरी, अशी. चौकोनांचा प्रश्न तेवढ्यानं सुटतो.

वेलांटीचा सुटत नाही. युनिकोडमध्ये ‘मि’ साठवताना आधी ‘म’ आणि मागून ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. पडद्यावर मात्र वेलांटी ‘म’च्या आधी काढायची असते. ही अदलाबदल, जोडाक्षरं जुळवणं, रफार डोक्यावर चढवणं, हे सगळं करणारं वेगळं इंजिन लागतं. ब्राउझरमध्ये आणि वर्डमध्ये ते असतं. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर मॅटप्लॉटलिबच्या ज्या आवृत्त्या आहेत त्यांत नाही. त्या अक्षरं साठवलेल्या क्रमानं एकापुढे एक ठेवत जातात, म्हणून प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी एक घर पुढे सरकते आणि भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडते.

गंमत अशी की आपल्या भागातली पुष्कळ गावं यातून सहीसलामत सुटतात. सुपे, बारामती, इंदापूर, मोरगाव, पुणे : कुठे ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही. शिर्सुफळ गेलं कामातून. आणि ‘जिल्हा’ तर दोन्हीकडून मार खातो. त्यामुळे गावांच्या नावांवर चाचणी घेऊन ‘मराठी चालतं’ असा निष्कर्ष काढू नका.

सर्वांत सोपा मार्ग मला हा वाटतो : आलेख एसव्हीजी स्वरूपात साठवा, आणि त्याआधी सेटिंगमध्ये ‘एसव्हीजी डॉट फाँटटाइप’ला ‘नन’ ही किंमत द्या. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांचे आकार काढत बसत नाही, मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये लिहितं. ती फाइल ब्राउझरमध्ये किंवा इंकस्केपमध्ये उघडली की तिथलं इंजिन वेलांट्या जागेवर बसवतं, आणि तिथूनच पीडीएफ किंवा पीएनजी काढता येतं. तो फाँट त्या संगणकावर असला पाहिजे, इतकंच. दुसरा मार्ग ‘एमपीएलकैरो’ हे जोडपॅकेज ‘रॅक्म’ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीसह वापरण्याचा. तो नीटनेटका आहे, पण बसवताना वेळ खातो. आणि ‘आर’ येत असेल तर ‘रॅग’ पॅकेजनं चित्र साठवा, तिथे हा प्रश्नच नाही.

आकडे देवनागरी हवेत का, हे तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येतो. देवनागरी अंकांना वेलांट्या नसतात, त्यामुळे ते कुठेही मोडत नाहीत. पायथन ‘५६०’ हा मजकूर वाचून त्याची पूर्णसंख्या करू शकतं, त्यासाठी वेगळं काही लागत नाही. उलट दिशेनं जाताना मात्र ते परदेशी अंकच देतं. दहा अंकांचा तक्ता ‘मेकट्रान्स’नं करून ‘ट्रान्सलेट’नं पालटा. ‘आर’मध्ये हेच काम ‘चार्टर’ करतं. ग्रामसभेत लावायचा तक्ता असेल तर मी देवनागरी अंक वापरीन, विद्यापीठाला द्यायच्या प्रबंधात नाही. आणि एकाच आलेखात अक्षावर एक अंक नि शीर्षकात दुसरे, असं तर मुळीच नाही.

प्रश्न : कृषी पदवीच्या प्रकल्पात स्तंभालेखावर ‘किलो प्रति हेक्टर’चं एकक घातांकासह आणि सी. डी.ची किंमत दाखवायची आहे. पायथनमध्ये कंसांचा नुसता गोंधळ उडतो. एकदा तर थीटाऐवजी मोकळी जागा आणि पुढे उरलेली अक्षरं आली.
— एक विद्यार्थी, माळेगाव

उत्तर : थीटाचं आधी. मॅटप्लॉटलिबमध्ये गणिती मजकूर दोन डॉलरांच्या मधे, ‘टेक’ या मांडणी-भाषेच्या पद्धतीनं लिहायचा असतो आणि प्रत्येक खुणेच्या नावाआधी उलटी तिरपी रेघ असते. पण साध्या अवतरणात पायथन स्वतःच उलटी रेघ आणि ‘टी’ मिळून टॅब समजतं. थीटाचा ‘टी’ असा टॅबमध्ये गेला. ‘न्यू’ लिहिलं असतं तर ओळ तुटली असती. बीटा, ऱ्हो आणि अपूर्णांकाची ‘फ्रॅक’ आज्ञा यांचंही हेच होतं. म्यू आणि सिग्मा मात्र निभावून जातात, कारण उलटी रेघ अधिक ‘एम’ किंवा ‘एस’ याला पायथनमध्ये खास अर्थ नाही. म्हणून माणूस वर्षभर म्यू लिहून निर्धास्त असतो आणि थीटाला ठेचकाळतो. अवतरणाच्या आधी ‘आर’ अक्षर लावा, म्हणजे पायथन रेघांना हात लावत नाही.

कंसांचं भांडण दोन मालकांचं आहे. २०१६च्या शेवटी आलेल्या पायथन ३.६पासून अवतरणाआधी ‘एफ’ लावलं की महिरपी कंसातलं चल सोडवून तिथे किंमत बसते. टेकलाही घातांक गटात बांधायला महिरपी कंसच लागतो. दोघं एकत्र आले की टेकचा कंस दुप्पट लिहावा लागतो, आणि घातांकातच तुमची किंमत असेल तर तीन-तीन कंस एकापुढे एक लागतात. चालतं, पण महिन्याभरानं स्वतःलाच वाचवत नाही. मी तुकडे करतो. खुणांचा तुकडा फक्त ‘आर’ लावून, किमतीचा तुकडा फक्त ‘एफ’ लावून, आणि मधे अधिकचं चिन्ह. डॉलरांच्या आत मराठी लिहू नका. तिथे देवनागरी चालत नाही.

आता सी. डी., म्हणजे क्रांतिक फरक. आपल्या कृषी प्रबंधांत प्रत्येक तक्त्याखाली ‘एस. ई. (एम) ±’ आणि ‘सी. डी. ५ टक्के पातळीवर’ या दोन ओळी असतातच. ही शिस्त पानसे आणि सुखात्मे यांच्या १९५४च्या पुस्तकानं पिढ्यान् पिढ्या मुरवली. दोन्ही किमती एकाच जागेतून निघतात. त्रुटीचा मध्यमान वर्ग भागिले पुनरावृत्ती, त्याचं वर्गमूळ म्हणजे एस. ई. (एम), मध्याची प्रमाण त्रुटी. त्याला दोनच्या वर्गमूळानं आणि मग टी-किमतीनं गुणलं की सी. डी. प्रोग्रॅममध्ये हे दोन ओळींचं काम आहे, म्हणून आलेखाखालच्या मजकुरात सी. डी. हातानं लिहायला काहीच कारण नाही. एक प्लॉट रानडुकरांनी खाल्ला म्हणून गाळलात की त्रुटीही बदलते आणि टी-किमतीचे स्वातंत्र्यांशही. अशा वेळी पुनरावृत्ती सगळीकडे सारख्या राहत नाहीत, तेव्हा वरचं सोपं सूत्र तसंच न लावता त्या जोडीच्या पुनरावृत्ती घ्याव्या लागतात, हेही ध्यानात असू द्या.

निरा डाव्या कालव्याखालच्या खारवट जमिनींचे नमुने कुणी मोजत असेल तर त्यांच्यासाठी एक सूचना. विद्युतवाहकता ‘डेसिसीमेन्स प्रति मीटर’ या एककात असते आणि संपृक्त अर्कासाठी ४च्या वरची जमीन क्षारयुक्त धरतात. ४वर आडवी रेघ काढा, आणि ‘इतक्यांपैकी इतके नमुने रेषेच्या वर’ हे रेघेशेजारी प्रोग्रॅमकडूनच लिहून घ्या. त्या दोन संख्या आलेखाचं निम्मं म्हणणं सांगून टाकतात.

प्रश्न : सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या चिंकाऱ्यांवर मुलांचा प्रकल्प आहे. प्राण्याचं शास्त्रीय नाव आलेखावर तिरपं यायला हवं.
— एक शिक्षक, मोरगाव

उत्तर : ‘आर’मध्ये ‘इटॅलिक’ ही आज्ञा ‘बीकोट’च्या आत चालते, नाव अवतरणात द्या. पायथनमध्ये डॉलरांच्या आत अक्षरं आपोआप तिरपी होतात, पण तिथे मोकळी जागा गिळली जाते आणि ‘गॅझेला बेनेट्टी’चे दोन शब्द एकच होतात. मधे उलटी रेघ आणि मग जागा, असं लिहा. अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, राज्यातल्या अगदी लहानांपैकी, त्यामुळे मुलांनी मोजलेली संख्या आणि ‘दर चौरस किलोमीटरला इतके’ असे दोन्ही आकडे शीर्षकात बसतील. दुसरा पहिल्यावरून प्रोग्रॅमनं काढावा. एककात दोनचा घातांक टाइप करायला ² पुरतं.

प्रश्न : मला प्रोग्रॅमिंग येत नाही, एक्सेल येतं. ऊस बिलांच्या आलेखाच्या शीर्षकात एकूण रक्कम आपोआप बदलायला हवी. ₹ची खूणही हवी.
— एक वाचक, इंदापूर

उत्तर : एक्सेलमध्ये हे सगळ्यांत सोपं आहे. एखाद्या रिकाम्या घरात सूत्र लिहा : अवतरणात मजकूर, मग ‘&’, मग ‘टेक्स्ट’ फंक्शनमध्ये बेरीज आणि तिचं स्वरूप, मग पुन्हा ‘&’ आणि शेवटचा मजकूर. नंतर आलेखाच्या शीर्षकावर क्लिक करून, वरच्या सूत्रपट्टीत बरोबरची खूण टाइप करून त्या घरावर क्लिक करा आणि एंटर दाबा. शीर्षक घराशी बांधलं जातं. अशा शीर्षकात एखादंच अक्षर वर चढवता येत नाही, म्हणून घातांक लागला तर तयार ² वापरा. मराठी वेलांट्या इथे नीट येतात.

₹ ही खूण आयआयटी मुंबईत शिकलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखली, केंद्र सरकारनं ती जुलै २०१०मध्ये स्वीकारली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ती आली. त्याआधीच्या फाँटात ती नसते, चौकोन दिसला तर फाँट बदला. स्वल्पविराम मात्र तपासा. संगणकाचा प्रदेश भारत ठेवलेला नसेल तर एक्सेल तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतं आणि १२,३४,५६७च्या जागी १,२३४,५६७ येतं. मी तर सूत्रातच एक लाखानं भागतो आणि पुढे ‘लाख रुपये’ लिहितो. एकच दशांशस्थळ ठेवा, उसाच्या बिलात पैशांपर्यंत कुणी शीर्षक वाचत नाही.